भिंतीवरचा पळस

बदलीच्या नोकरीतील माणसाचे बिऱ्हाड ओळखावयाचे असेल, तर प्रथम त्याच्या भिंतींकडे पाहावे. सामानसुमान मालमोटारीतून एका गावाहून दुसऱ्या गावी जाते आणि नव्या घरात कसेबसे जागेवर बसते. भिंती मात्र दर तीन-चार वर्षांनी परक्याच्या असतात, आणि त्यांत खिळा ठोकावयाचा तरी घरमालकाची अनुज्ञा लागते. म्हणून अशा घरात जी चार-दोन चित्रे आढळतात ती निवडून घेतलेली असतात, असा आमचा अनुभव आहे. एके काळी तेथे रविवर्म्याची लक्ष्मी आणि सरस्वती असत. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या त्याच्या शिळाछापखान्याने देवतांना मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात आणून बसविले. त्यांच्यामागून दिनदर्शिकांवरची चित्रे आली, निसर्गदृश्ये आली. अलीकडे चेन्नईतील अनेक मराठी घरांत आम्हांला एक निराळाच प्रकार दिसू लागला आहे. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या वनस्पतिशास्त्रीय ग्रंथांतील फुलझाडांची चित्रे काचेच्या चौकटीत बसवून लावण्याचा हा प्रकार होय. शोभेच्या वस्तूंची दुकाने त्याला हातभार लावीत आहेत, आणि जुने ग्रंथ आता संगणकावर कोणासही पाहता येत असल्याने पुष्कळ मंडळी ही चित्रे स्वतःच छापून घेतात.

ही हौस आम्हांला मनापासून आवडते, हे आरंभीच सांगून टाकतो. परंतु आवडत्या गोष्टीचीच चिकित्सा करावी. नावडतीची करण्यात कसली कसोटी? ही चित्रे कोणत्या जातीची कला आहेत, ती भिंतीवर येताना त्यांचे काय होते आणि ती आपल्या घरात कशी नांदावीत, एवढ्या तीन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

विचारास निमित्त झाले ते वेलचेरीतील एका स्नेह्यांचे घर. वेलचेरी म्हणजे चेन्नईच्या दक्षिणेकडील उपनगर. एका बाजूस गिंडीचे राखीव वन, दुसऱ्या बाजूस पळ्ळिकरणैची दलदल, आणि मध्ये एक जुना तलाव, जो वस्ती वाढता वाढता पुष्कळच आकसला आहे. स्नेही केंद्र सरकारच्या हिशेबखात्यात अधिकारी, घर तळमजल्यावरचे. बाहेरच्या खोलीत तीन चित्रे होती. पहिले, फ्रेंच चित्रकार रेदुते याच्या गुलाबांपैकी एक. त्याचा गुलाबांचा ग्रंथ १८१७ ते १८२४ या काळात पॅरिसला प्रसिद्ध झाला, आणि शोभेच्या बाजारात आज त्याच्याइतकी मागणी दुसऱ्या कोणाला क्वचितच असेल. दुसरे, रॉक्सबर्गच्या कोरोमांडेल किनाऱ्यावरील वनस्पतींच्या ग्रंथातील पळस. हे दोन्ही अर्थातच नवे ठसे. तिसरा मात्र अस्सल जुना कागद होता. रॉबर्ट वाइट याच्या ‘आयकोनिस’ या ग्रंथातील एका ऑर्किडचे, म्हणजे आपल्या भाषेत आमरीच्या एका जातीचे, ते बिनरंगी चित्र होते. स्नेह्यांनी ते एका विक्रेत्याकडून चांगली किंमत मोजून घेतले होते.

आम्ही पळसाच्या चित्रासमोर थबकलो. केशरी फुलांचा घोस सुरेख होता. पण काहीतरी चुकल्यासारखे वाटत होते. थोड्या वेळाने ध्यानात आले की, चित्राला पानच नाही. दुकानदाराने चित्र चौकोनी करण्याच्या नादात केवळ फुलांचा भाग ठेवून बाकीचा छाटून टाकला होता. आम्ही म्हणालो, “अहो, पळसाला पाने तीनच म्हणतात, तुमच्या पळसाला तर एकही नाही!” वहिनी हसल्या आणि म्हणाल्या, “पडद्याला जुळतो म्हणून आणला. पानांचा विचार कोणी केला होता?” त्या हसण्यात सरळपणा होता, आणि आमच्या पुढील सर्व विवेचनाचे बीजही त्याच वाक्यात होते.

वनस्पतीचे शास्त्रीय चित्र म्हणजे फुलाचे सुंदर चित्र नव्हे. ते एक विधान असते. अमुक वनस्पती ही अशी असते, तिचे पान असे, देठ असा, कळी अशी, केसर इतके, बीजकोश असा, हे ते सांगते. छायाचित्र एका झाडाचे असते. त्यात किडीने खाल्लेले पानही येते आणि वाऱ्याने मोडलेली फांदीही. शास्त्रीय चित्र साऱ्या जातीचे असते. चित्रकार दहा फांद्या पाहतो आणि अकरावी काढतो. ती कोठेच नसते आणि तरीही प्रत्येक झाडावर ती ओळखता येते. पळसाचेच पाहा. थंडीच्या अखेरीस पळसाची पाने झडतात; फाल्गुनात निष्पर्ण फांद्यांवर फुले पेटतात; शेंगा आणि नवी पालवी त्यानंतर येतात. बहरलेला, पानांनी भरलेला आणि शेंगा धरलेला पळस सहसा पाहावयास मिळत नाही. शास्त्रीय चित्र मात्र फूल आणि पान एका कागदावर शेजारी मांडते, आणि खाली फुलाचे एकेक अंग सुटे करून दाखविते. निसर्गात जे एकामागून एक घडते, ते येथे एकाच वेळी डोळ्यांपुढे येते. या चित्रांची गोडी आमच्या मते रंगापेक्षा या रचनेत आहे. म्हणूनच पान छाटलेला पळस म्हणजे अर्धे चित्र नव्हे, ती अर्थ काढून घेतलेली वस्तू आहे.

दुसरा संकेत पांढऱ्या पार्श्वभूमीचा. या चित्रांत माती नसते, आकाश नसते, शेजारचे झाड नसते. वनस्पती आपल्या जागेवरून उचलून कोऱ्या कागदावर ठेवलेली असते. शास्त्राला हे सोयीचे, कारण मग लंडनच्या माणसाला मद्रासच्या झाडाची तुलना ब्राझीलच्या झाडाशी करता येते. पण कलेच्या दृष्टीने या कोरेपणात एक प्रकारचे पोरकेपण आहे. ज्यांचे आयुष्य बदल्यांत गेले त्यांना ते निराळे समजावून सांगण्याची गरज नसावी.

आता या चित्रांची कुळे पाहू. सर्वांत जुने आणि आपणांस सर्वांत जवळचे कूळ ‘होर्तुस मलबारिकुस’ या ग्रंथाचे. कोचीनचा डच गव्हर्नर व्हान रेडे याने सिद्ध केलेला हा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅम्स्टरडॅमला बारा खंडांत निघाला. त्याला साहाय्य करणाऱ्यांत इट्टी अच्युतन हा मलबारी वैद्य होता, तसेच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी भाषक वैद्यही होते. त्यांचे प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी अक्षरांत छापले आहे, आणि चित्रांवर लॅटिन, मल्याळी, अरबी यांच्या जोडीने नागरीतही वनस्पतींची नावे आहेत. युरोपातील ताम्रपटावर सतराव्या शतकात आपली अक्षरे कोरली गेली, आणि तीही झाडांच्या नावांसाठी, ही गोष्ट आपल्या वाचकांस ठाऊक असणे अगत्याचे आहे. याच ग्रंथाच्या सहाव्या खंडात पळस ‘प्लासो’ या नावाने आला आहे. ते नाव कोणाही मराठी कानाला परके वाटणार नाही. या ग्रंथाची चित्रे एकरंगी, ठसठशीत आणि पानभर पसरलेली आहेत. त्यांत नाजूकपणा कमी. पण अक्षर आणि आकृती यांचा असा मेळ पुढच्या कोणत्याही ग्रंथात आम्हांला आढळला नाही.

दुसरे कूळ विल्यम रॉक्सबर्गचे. हा स्कॉटिश वैद्य १७७६ साली मद्रास इलाख्यात आला, गोदावरीच्या मुखाजवळ सामलकोट येथे त्याने बाग केली, आणि तेथील देशी चित्रकारांकडून शेकडो वनस्पतींची चित्रे काढवून ती लंडनला पाठविली. त्यांतून निवडलेल्या तीनशे वनस्पतींची चित्रे जोसेफ बँक्सच्या देखरेखीखाली १७९५ ते १८२० या काळात तीन खंडांत निघाली. पळस पहिल्या खंडात आहे. त्याची लॅटिन संज्ञा तेथे ‘ब्यूटिया फ्रॉन्डोझा’ अशी दिली आहे. पहिला शब्द ब्यूटच्या उमरावाच्या नावावरून, तर दुसऱ्याचा अर्थ पर्णबहुल. पाने झाडून टाकून फुलणाऱ्या झाडास ‘पर्णबहुल’ म्हणावे, हा गंमतीचा भाग. रॉक्सबर्ग १७९३ साली कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानाचा प्रमुख झाला; तेथेही त्याने चित्रे काढवून घेणे चालू ठेवले, आणि त्याच्या चित्रांची एकूण संख्या अडीच हजारांहून अधिक भरते. ज्यांनी ती काढली त्या माणसांची नावे मात्र चित्रांवर नाहीत. उमरावाचे नाव झाडाला मिळाले. ज्याने ते झाड डोळ्यांत भरून कागदावर उतरविले त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

तिसरे कूळ वाइटचे, आणि आमच्या मते भिंतीसाठी सर्वांत उजवे. रॉबर्ट वाइट १८१९ साली मद्रासेस आला. १८३५ साली स्थापन झालेल्या मद्रासच्या कृषि-उद्यान संस्थेशीही त्याचे नाव निगडित आहे. १८३८ ते १८५३ या पंधरा वर्षांत त्याने ‘आयकोनिस’चे सहा खंड काढले, चित्रफलक २१०१. हे चित्रफलक मद्रासेतच शिळाछापावर छापले गेले, आणि खर्च आटोक्यात राहावा म्हणून बहुतेक बिनरंगी ठेवले गेले. काटकसरीतून कधी कधी कला निपजते, तशी ती येथे निपजली आहे. रंगाचा आधार नसल्याने सगळा भार रेषेवर पडला. पानाची कड, शिरांची जाळी, पाकळीची दुमड, हे सर्व एका लयीत जाणाऱ्या बारीक रेषेने साधले आहे. चेन्नईच्या प्रखर उजेडात रंगीत चित्र भगभगते व काही वर्षांत फिकटते. ही काळी-पांढरी रेषा मात्र दुपारच्या उन्हातही शांत राहते.

वाइटची दुसरी थोरवी अशी की, त्याने आपल्या चित्रकारांची नावे लपविली नाहीत. आरंभी रंगय्या आणि पुढे गोविंदू या दोघा देशी चित्रकारांनी त्याची चित्रे काढली, आणि चित्रफलकांच्या खालच्या कोपऱ्यात त्यांची नावे रोमन अक्षरांत छापलेली आढळतात. इतकेच काय, १८५३ साली वाइटने एका आमरीच्या प्रजातीस ‘गोविंदूइया’ असे नाव दिले. पुढील शास्त्रज्ञांनी ती प्रजाती दुसरीत विलीन केली, तेव्हा तो सन्मानही कागदावरच राहिला. तरी देशी चित्रकाराचे नाव वनस्पतीला देण्याचे औदार्य एकाने दाखविले, ही नोंद पुसली जात नाही. हेन्री नॉल्टी या एडिंबरोच्या अभ्यासकाने २००७ साली या दोघांच्या चित्रांवर ग्रंथ लिहून त्यांना पुन्हा उजेडात आणले.

त्याच अभ्यासकाचा २००२ सालचा आणखी एक ग्रंथ पुण्याच्या वाचकांस चटका लावील. पुण्याजवळच्या दापोडीस १८२८ साली मुंबई सरकारची वनस्पतींची बाग झाली. तिचा अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन याने १८४७ ते १८५० या काळात तेथील वनस्पतींची सुमारे पावणेदोनशे रंगीत चित्रे काढवून घेतली. ती आज एडिंबरोच्या राजकीय वनस्पती-उद्यानात आहेत. चित्रकार पोर्तुगीज वळणाचा देशी माणूस होता, एवढेच कळते. त्याचे नाव नाही. दापोडीवरून आपण आगगाडीने शेकडो वेळा गेलो असू. तेथे कधीकाळी कोणी अनामिक माणूस मांडीवर फळी घेऊन फुले रेखाटीत बसला होता, हे आपल्यापैकी किती जणांस माहीत होते?

आणि तंजावर? चेन्नईत राहणाऱ्या मराठी माणसाने चित्रांविषयी बोलावे आणि सरफोजी राजांचे नाव घेऊ नये, असे होणार नाही. १७९८ ते १८३२ या काळात तंजावरच्या गादीवर असलेल्या या राजाने पशुपक्ष्यांची व निसर्गातील वस्तूंची चित्रे आपल्या चितारांकडून काढविली. नेत्ररुग्णांच्या डोळ्यांची चित्रे आणि त्यांवरील टिपणे तर आजही सरस्वती महालात आहेत. नीट पाहणे आणि पाहिलेले रेखाटून ठेवणे हा केवळ कंपनी सरकारचा उद्योग नव्हता. एक मराठी राजा तमिळ देशात तेच करीत होता.

आता पुन्हा वेलचेरीस जाऊ. २०२३ च्या डिसेंबरात ‘मिचाँग’ चक्रीवादळाच्या पावसाने चेन्नईचा दक्षिण भाग पाण्याखाली गेला. २०१५ च्या डिसेंबरातही असेच घडले होते. जेथे पूर्वी पाणी राही तेथे आपण राहावयास गेलो, तेव्हा पाणीही कधी कधी आपले जुने घर पाहावयास येते. स्नेह्यांच्या तळमजल्यात कमरेइतके पाणी शिरले. मंडळी वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांकडे सुखरूप होती. पाणी ओसरल्यावर आम्ही मदतीस गेलो. गुलाब आणि पळस लगद्यासारखे झाले होते. ते टाकून दिले, आणि त्याचे फारसे दुःख कोणास झाले नाही, कारण त्यांचे ठसे पुन्हा मिळणार होते. आमरीचे चित्र खिळ्यावरच होते, पण पाणी खालच्या कडेपर्यंत चढून काचेच्या आतून वर झिरपले होते. कागद वाळवावा म्हणून आम्ही मागची फळी काढली, भिजलेला पुठ्ठ्याचा माउंट अलगद सोडविला, आणि आजवर माउंटखाली झाकलेली दोन बोटांची कड उघडी पडली. तेथे, उजव्या-डाव्या कोपऱ्यांत, मुद्रणाची खूण होती आणि एक नाव होते: गोविंदू.

चार वर्षे ते चित्र त्या घरात होते. येणाऱ्या-जाणाऱ्याने त्याची स्तुती केली होती. ते कोणी काढले, हे त्या घरातील कोणासही ठाऊक नव्हते, कारण चौकट करणाऱ्याने माउंट सुबक दिसावा म्हणून नाव झाकले होते. आणि चौकट करणाऱ्यास दोष तरी कसा द्यावा? त्याला कोणी सांगितलेच नव्हते. स्नेही बराच वेळ तो ओला कागद दोन्ही हातांनी धरून उभे होते. मग म्हणाले, “आम्ही आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांवर सह्या आहेत की नाहीत हेच तपासत आलो, आणि घरच्या कागदावरची सही पाहिली नाही.”

या प्रसंगाने आमच्या मनातील टीका निश्चित झाली. फुलझाडांच्या चित्रांची ही नवी हौस चांगली असली, तरी तिच्यात तीन दोष आहेत.

पहिला दोष छाटण्याचा. चित्राच्या कडेला जे असते ते सर्व शोभेच्या बाजारात अनावश्यक मानले जाते. फलकाचा क्रमांक, वनस्पतीचे नाव, खालच्या बाजूची केसर-बीजकोशांची सुटी अंगे, चित्रकाराचे नाव, हे सर्व जाते आणि उरते ते केवळ फूल. वास्तविक या चित्रांना फुलांच्या पडद्याहून वेगळे करणारे तेवढेच असते. ज्याला केवळ फूल हवे त्याने खुशाल छापील पडदा लावावा. त्यात काहीच उणे नाही. चित्र लावावयाचे तर सबंध लावावे.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. अस्सल जुने पान विकत घेण्याचा मोह पुष्कळांना होतो. हे पान आले कोठून, याचा विचार कोणी करीत नाही. ग्रंथातील पान सुटे विकले जाते, तेव्हा बहुधा कोणीतरी ग्रंथ फोडलेला असतो. सबंध ग्रंथापेक्षा सुट्या पानांची बेरीज अधिक पैसे देते, हे या व्यापाराचे साधे गणित आहे. अशा रीतीने दोनशे वर्षे टिकलेला ग्रंथ शंभर दिवाणखान्यांत विखुरतो, आणि त्याचे मजकुराचे पान तर कोणीच विकत घेत नाही. आमच्या स्नेह्यांच्या पानावर आता पाण्याचा तपकिरी डाग कायमचा बसला आहे. हा डाग एका पानावरचा आहे. ग्रंथ फोडल्याचा डाग त्याआधीचा. तेव्हा अस्सलाचा हट्ट सोडून उत्तम प्रतीचा ठसा लावावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीसारख्या सार्वजनिक संग्रहात असे जुने ग्रंथ संगणकावर विनामूल्य पाहावयास मिळतात. चांगल्या कागदावर त्यांतील पान छापून घेण्यास फार खर्च येत नाही, आणि ग्रंथही शाबूत राहतो.

तिसरा दोष निवडीचा. रेदुतेची थोरवी आम्ही नाकारीत नाही. पाकळीवरचा प्रकाश दाखवावा तो त्यानेच. पण वेलचेरीच्या घरात खिडकीबाहेर करंज फुललेला असताना आत पॅरिसच्या बागेतील गुलाब का असावा, याला ‘सगळीकडे तोच मिळतो’ याखेरीज दुसरे उत्तर आम्हांला मिळालेले नाही. शिवाय देशी चित्रकारांच्या हातात जे आहे ते रेदुतेत नाही. त्यांना युरोपीय पद्धतीने काढावयास सांगितले होते, आणि त्यांनी ते शिकूनही घेतले. परंतु पानांची नक्षीसारखी मांडणी, कागद भरून टाकण्याची ओढ आणि छायेपेक्षा कडेवर विश्वास, ही आपली सवय त्यांनी सोडली नाही. हे शास्त्रज्ञास कधी कधी खटकत असेल. रसिकास मात्र त्यातच चित्रकाराचा हात दिसतो.

यावर कोणी म्हणेल, घर हे काही संग्रहालय नव्हे. दिवसभर कचेरीत डोके शिणल्यावर संध्याकाळी एक सुंदर फूल दिसले, एवढे पुरे आहे. आम्ही हा आक्षेप हसण्यावारी नेणार नाही. डोळ्यांना विसावा हे घराचे एक काम आहेच. परंतु जे चित्र रोज नवे काही दाखविते तेच अधिक काळ विसावा देते, असा आमचा अनुभव आहे. नुसते फूल आठ दिवसांत भिंतीचा भाग होऊन जाते. नाव, पान, बीजकोश असलेल्या चित्रासमोर मूल उभे राहते आणि विचारते, “हे खाली काय कापून ठेवले आहे?” त्या प्रश्नाने चित्र पुन्हा जिवंत होते.

मुलांचा उल्लेख आला म्हणून सांगतो, आमच्या चिंतेचे खरे स्थान तेच आहे. बदलीच्या घरांत वाढलेल्या मुलांना झाडांची नावे कोणत्याच भाषेत येत नाहीत. मराठी नावे गावी राहिली, तमिळ नावे शिकण्याआधी बदली झाली, आणि इंग्रजी नावे पाठ्यपुस्तकापलीकडे गेली नाहीत. वेलचेरीच्या मोकळ्या भूखंडांवर रुई माजलेली असते. मुले तिच्या शेजारून शाळेत जातात. ती रुई हे त्यांना ठाऊक नसते. गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी येथील बाजारात तिच्याच फुलांच्या माळा विकावयास येतात, कारण तमिळ घरांतील पिळ्ळैयारलाही ती प्रिय आहे. येथे तिला ‘एरुक्कु’ म्हणतात. आणि ‘होर्तुस मलबारिकुस’ उघडावे, तर दुसऱ्या खंडात तीच रुई ‘एरिकु’ या नावाने बसलेली आहे. आपली पत्री, त्यांची माळ आणि साडेतीनशे वर्षांपूर्वीचा ताम्रपट, तिन्ही एकाच झाडापाशी येऊन मिळतात. असे चित्र भिंतीवर असेल, तर ते पडद्याला जुळले नाही तरी चालेल.

म्हणून आमची सूचना साधी आहे. चित्र निवडताना घराभोवती फिरता येईल त्या अंतरात जे झाड दिसते त्याचे निवडावे: करंज, बहावा, रुई, कमळ. पान सबंध छापावे, कडा छाटू नयेत, माउंट नावाच्या खाली संपावा. चौकटीच्या खाली एका चिठ्ठीवर मराठी आणि तमिळ नाव आपल्या हाताने लिहावे. तमिळ नाव शेजाऱ्यास विचारून घ्यावे, म्हणजे चित्राच्या निमित्ताने शेजारही घडतो. समुद्राकाठच्या दमट हवेत चित्र बाहेरच्या भिंतीस टेकवू नये, मागे थोडी जागा ठेवावी, नाहीतर बुरशी आणि कसर ही दोन्ही आपला वाटा घेतात. उन्हाची तिरीप ज्या भिंतीवर येते ती टाळावी. आणि तळमजल्यावर राहणाऱ्याने चित्र जरा उंच लावावे, हे वेलचेरीकरांस आम्ही सांगावयास नको.

पावसाळ्यानंतर स्नेह्यांच्या घरी आम्ही पुन्हा गेलो. भिंतींवरचा पाण्याचा पट्टा रंगाखाली गेला होता. गोविंदूची आमरी डागासह परत लागली होती. माउंट आता रुंद होता आणि नाव दिसत होते. गुलाबाची जागा मोकळीच ठेवली होती. पळस मात्र नवा आला होता, सबंध पानाचा, खाली नावासह. त्याची तीन पाने आता जागच्या जागी होती. शास्त्रज्ञ म्हणतात, ती तीन पाने नव्हेत, एकाच पानाच्या त्या तीन पर्णिका. म्हणजे आपली म्हण शास्त्रदृष्ट्या चुकीची. पण ज्याने ती प्रथम म्हटली त्याने पळसाकडे नीट पाहिले होते, यात शंका नाही.

चिठ्ठीवर वहिनींनी ‘पळस’ लिहिले होते आणि त्याखाली तमिळ अक्षरांत एक शब्द. तो आम्हांस वाचता येईना. त्यांनी वाचून दाखविला: “पुरसु.” शेजारच्या आजींनी सांगितला होता. आणि मग त्यांनीच आम्हांस विचारले, “पुरसैवाक्कमला तुम्ही इतकी वर्षे जाता-येता, त्या वस्तीला ते नाव कशावरून पडले, ठाऊक आहे?” ते याच झाडावरून. तेथील गंगाधरेश्वराच्या देवळाचा स्थलवृक्षही पळसच आहे.

कोठेही जा, पळसाला पाने तीनच, असे आपण बदलीची आज्ञा हाती पडली की काहीशा उदासीनतेने म्हणतो. सगळीकडे सारखेच, तेव्हा कोठे गेलो तरी काय, असा त्याचा भाव असतो. त्या दिवशी आम्हांला ती म्हण निराळी ऐकू आली. येथेही पळस आहे, आणि त्याला येथलेही एक नाव आहे. ते नाव विचारून घेतल्याशिवाय गाव सोडू नये.